साप दूध पीत नाही आणि पाळलाही जात नाही



मागच्या महिन्यात साताऱ्याहून एका आजींचा फोन आला. माझ्या जुन्या पेशंट. बीपी आणि गुडघ्यांसाठी दहा-बारा वर्षं येतात. म्हणाल्या, "डॉक्टर, आज गोळ्यांचं काही नाही. सापाला दिवसाला दूध किती घालायचं ते सांगा."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती. नातवाने पुण्याहून साप आणला होता. लाल, काळ्या, पांढऱ्या पट्ट्यांचा, हातभर लांब, काचेच्या पेटीत. नातू कॉलेजला गेला की राखणीला आजी. त्याने सांगितलं होतं की याला 'मिल्क स्नेक' म्हणतात. आजींनी सरळ हिशेब केला. नावातच दूध आहे, म्हणजे पीत असणार. रोज सकाळी अर्धी वाटी, वर चिमूटभर साखर. "पण पीत नाही हो. वाटीत नुसता अंग टाकून बसतो."

मी विचारलं, घरात लहान मूल कोण आहे? "धाकट्याची मुलगी आहे, दोन वर्षांची. तिला परवापासून जुलाब लागलेत. ताप पण आहे. तेच विचारणार होते नंतर."

त्या 'नंतर'साठी हा लेख लिहितोय. सुरुवातीलाच सांगतो, या विषयावर मी तटस्थ नाही. साप घरात पाळू नये असं माझं मत आहे. देशी तर नाहीच नाही, विदेशी आणि बिनविषारीसुद्धा नको. सापांविषयी मला घृणा आहे म्हणून नाही. माझं आजोळ शिराळा तालुक्यातलं, साप बघतच मोठा झालो. तीस वर्षं कराड-सांगली पट्ट्यात प्रॅक्टिस करतोय. साप चावलेली माणसं पाहिली आणि माणसांच्या हौसेत सापडलेले सापही पाहिले.

आधी दुधाचं बघू

आजींना हसू नका. त्यांनी जी चूक केली तीच अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी केली होती. मिल्क स्नेक हा मूळचा अमेरिका खंडातला साप. तिकडे तो गुरांच्या गोठ्यात सापडायचा. गाईचं दूध कमी झालं की लोक म्हणायचे, यानेच रात्री प्यायलं. त्यावरून ते नाव पडलं. तो गोठ्यात यायचा उंदरांसाठी.

आता आपल्याकडे या. धामण गाईच्या मागच्या पायांना विळखा घालते आणि सडाला तोंड लावून दूध पिते, ही गोष्ट वाळव्यापासून वाईपर्यंत प्रत्येक गावात ऐकायला मिळते. शपथेवर सांगणारे भेटतात. धामणही गोठ्यात उंदरांसाठीच येते. दोन खंड, दोन वेगळे साप, आणि कथा तंतोतंत एक. गाईचं दूध आटलं किंवा सडातून रक्त आलं तर ती बहुतेक वेळा दगडी असते. गुरांचा डॉक्टर बोलवायचा सोडून लोक काठी घेऊन धामण शोधतात.

दूध ओढून प्यायला ओठ आणि गाल लागतात. तुमच्या बाळाला आहेत, वासराला आहेत. सापाला नाहीत. बिनविषारी सापाच्या तोंडात वर चार आणि खाली दोन अशा बारीक, मागे वळलेल्या दातांच्या रांगा असतात. भक्ष्य सुटू नये म्हणून ते तसे असतात. असं तोंड सडाला लागल्यावर कुठली गाय शांत उभी राहील? शिवाय दूध हे सस्तन प्राण्यांचं अन्न. साप अंड्यातून किंवा पोटातून बाहेर पडल्या क्षणापासून शिकार करून खातो. त्याच्या आतड्याची रचना दुधासाठी झालेलीच नाही.

मग नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध पितो ते काय? तो तहानलेला असतो. आधी कित्येक दिवस त्याला पाणी दिलेलं नसतं. तहानेने व्याकूळ जीव समोर येईल ते द्रव पितो. ते दूध पचत नाही, कधी श्वासनलिकेत जातं, आणि पुढच्या काही दिवसांत टोपलीतच तो नाग मरतो. आपण हात जोडून निघून गेलेलो असतो, त्यामुळे आपल्याला ते दिसत नाही. त्यात हळदी-कुंकू. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर फक्त एक पारदर्शक खवला असतो. डोळा मिटून घ्यायची सोयच त्याला नाही.

शिराळ्याबद्दल बोलायलाच हवं

सांगली जिल्ह्यात राहून सापाबद्दल लिहायचं आणि बत्तीस शिराळ्याचं नाव घ्यायचं नाही, हा भित्रेपणा होईल. लहानपणी मी तिथली नागपंचमी पाहिली आहे. आधीचे काही आठवडे पोरं आणि मोठी माणसं शेतं-बांध धुंडाळून नाग पकडायची, मडक्यात ठेवायची. पंचमीला मिरवणूक, वाजंत्री, फणा काढलेले नाग, अंबामातेचं देऊळ, घराघरांत जिवंत नागाची पूजा. गोरखनाथांशी जोडलेली ही परंपरा. शिराळकर तिच्याबद्दल किती हळवे आहेत ते मला माहीत आहे, माझे मामा त्यातलेच.

मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हा जिवंत नागांचा खेळ थांबला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग संरक्षित प्राणी आहे, त्यामुळे निकाल दुसरा काय लागणार होता? पुढे २०२५ साली केंद्र सरकारने परंपरेचं ज्ञान आणि शिक्षण या कारणासाठी मोजके नाग पकडायची मर्यादित परवानगी दिली. त्यावर गावात आनंद झाला. मला तो आनंद कळतो, पण मी त्यात सामील नाही. लहानपणी मला ते नाग शूर वाटायचे. आता आठवतं तेव्हा एक डॉक्टर म्हणून दिसतं ते असं: आठवडेच्या आठवडे मडक्यात वेटोळं करून पडलेला प्राणी आणि त्याला बाहेर काढल्यावर भोवती हजारो माणसं. फणा काढणं म्हणजे आशीर्वाद देणं नव्हे. नाग घाबरला की फणा काढतो.

त्याच दिवशी माझी आजी घरात काय करायची ते सांगतो. आदल्या दिवशी भावाचा उपवास. पंचमीला विळी-सुरीला हात नाही, तवा चुलीवर नाही. काही चिरायचं नाही, तळायचं नाही. पुरणाची दिंडं उकडायची. आजोबा त्या दिवशी रानात नांगर घालायचे नाहीत, कुदळसुद्धा मारायचे नाहीत. श्रावणात बिळांत पाणी शिरलेलं असतं आणि साप वर आलेले असतात, अशा दिवसांत जमीन खणू नका असं सांगणारी ही रीत. पाटावर गंधाने नाग काढायचा, त्याला लाह्या-दूध दाखवायचं, आणि खरा नाग बांधावर राहू द्यायचा. आमच्या घरात मडकं आणि पाट दोन्ही होते. मला पाटाची परंपरा पटते. तीही तेवढीच आपली आहे.

आता शिराळ्याच्या लोकांना नावं ठेवणारे शहरी लोक काय करतात? काचेची पेटी आणतात, आत दिवा लावतात, साप ठेवतात आणि मोबाईलवर व्हिडिओ टाकतात. मडकं आणि काचेची पेटी यांत सापाच्या दृष्टीने फरक एवढाच की पेटीतून बाहेरचं दिसतं.

पाळायचाच म्हटलं तर काय लागतं?

"डॉक्टर, नीट काळजी घेतली तर?" हा प्रश्न येणार. म्हणून नीट काळजी म्हणजे काय ते एकदा बघूच.

मिल्क स्नेकला स्वतःचं तापमान राखता येत नाही. पेटीचं एक टोक साधारण ३० अंश आणि दुसरं २४-२५ अंश ठेवावं लागतं, म्हणजे त्याला गरजेप्रमाणे इकडून तिकडे सरकता येतं. त्यासाठी थर्मोस्टॅट लावलेला हीटर लागतो. दोन्ही टोकांना लपायला जागा लागते. लपायला मिळालं नाही तर तो खाणं सोडतो. आता सांगलीचा मे महिना आठवा. बाहेर चाळीस अंश, दुपारी लाइट गेलेली, पेटी काचेची. थंडी तो एकवेळ काढेल, ही भट्टी नाही काढणार.

खाणं म्हणजे उंदीर. आठवड्याला किंवा दहा दिवसांनी एक, त्याच्या अंगाच्या जाडीएवढा. पाळणारे जाणकार लोक बर्फात गोठवलेले, खास वाढवलेले उंदीर आणतात आणि वितळवून देतात. तुमच्या गावात असे उंदीर कुठे मिळतात? मिळत नाहीत. मग पोरं काय करतात? घरातला किंवा शेतातला उंदीर पिंजरा लावून पकडतात. त्या उंदराने कुणाच्या तरी घरात विषारी गोळी खाल्लेली असू शकते, म्हणजे साप मेला. त्याच्या लघवीत लेप्टोस्पायराचे जंतू असू शकतात, म्हणजे पिंजरा हाताळणारा मुलगा माझ्याकडे ताप आणि पिवळे डोळे घेऊन येणार. आणि ज्याने आणलेत गोठवलेले, त्याने ते ठेवलेत कुठे? आईच्या फ्रीजमध्ये, मटारशेजारी. हे मी कल्पनेने लिहीत नाही, एका आईने माझ्या केबिनमध्ये रडत सांगितलं आहे.

खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही, नाहीतर उलटून टाकतो. कात टाकायच्या आधी त्याचे डोळे दुधाळ निळसर होतात. तेव्हा त्याला नीट दिसत नाही, तो चिडचिडा असतो. या सापाचा दुधाशी जो काही संबंध आहे तो एवढाच. पेटीत दुसरा साप ठेवायचा नाही, कारण मिल्क स्नेक इतर सापांनाही खातो. झाकणाला कुलूप हवं, कारण बोटभर फटीतून तो निघून जातो आणि मग शेजारच्या ब्लॉकमधले लोक झाडू घेऊन त्याला ठेचतात.

आणि हे सगळं किती वर्षं? चांगला सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं. तुमचा मुलगा आज वीस वर्षांचा आहे. उद्या तो हिंजवडीत नोकरीला लागेल, परवा कदाचित जर्मनीला जाईल. साप साताऱ्यात, आजींच्या ताब्यात. तो आजारी पडला, तोंडात पू झाला, अंगावर गोचीड-पिसवांसारखे किडे झाले, तर तुमच्या तालुक्यात सापावर उपचार करणारा पशुवैद्य कोण आहे, हे पेटी विकत घ्यायच्या आधी शोधून बघा. गाई-म्हशींचे उत्तम डॉक्टर आपल्याकडे आहेत. सापाचं विचारा.

लहान मुलांच्या जुलाबाचा सापाशी काय संबंध?

साल्मोनेला म्हटलं की तुम्हाला टायफॉइड आठवतो. टायफॉइडचा जंतू त्याच घराण्यातला, पण तो फक्त माणसात राहतो. साल्मोनेलाचे बाकीचे शेकडो भाऊबंद प्राण्यांत राहतात. साप, पाल, कासव यांच्या आतड्यात ते मजेत असतात. सापाला त्याचा काही त्रास होत नाही. तो तुकतुकीत दिसतो, नीट खातो, आणि विष्ठेतून अधूनमधून जंतू सोडत राहतो. ते त्याच्या अंगाला, पेटीला, पाण्याच्या वाटीला लागतात. एकदा तपासणीत जंतू सापडले नाहीत म्हणजे तो साप स्वच्छ, असंही म्हणता येत नाही. सापाला अँटिबायोटिक देऊनही हे जंतू संपत नाहीत.

अमेरिकेत १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी झाली. कारण हेच. मुलं कासव तोंडात घालायची आणि आजारी पडायची.

आमच्या आजींच्या घरात काय झालं असेल ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. दुधाची वाटी सापाच्या पेटीत जायची. साप त्यात अंग टाकून बसायचा. दुपारी आजी ती वाटी उचलून स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये बाकीच्या भांड्यांबरोबर घासायच्या. त्याच घासणीने, त्याच हाताने. त्यानंतर नातीला भरवायच्या. मुलीने साप पाहिला असेल, पण त्याला एकदाही हात लावला नव्हता. लागत नाही लावावा.

मोठ्या, धडधाकट माणसाला यात दोन-चार दिवस जुलाब, पोटात मुरडा, ताप येतो आणि बरं वाटतं. बहुतेकांना अँटिबायोटिक लागतही नाही, पाणी आणि ओआरएस पुरतं. प्रश्न आहे तो पाच वर्षांखालच्या मुलांचा, विशेषतः तान्ह्या बाळांचा, पासष्टच्या पुढच्या माणसांचा, गरोदर बाईचा, आणि केमोथेरपी, स्टिरॉइड, डायलिसिस किंवा अवयव बदललेल्या पेशंटचा. यांच्यात जंतू रक्तात उतरू शकतो, मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. ज्या घरात यांपैकी कुणीही आहे त्या घरात साप, कासव, इग्वाना काहीही नको. हात धुवून भागवू असं कृपा करून म्हणू नका. दोन वर्षांचं मूल हात धुवून जगत नाही.

कवड्या की मण्यार?

मिल्क स्नेकचे पट्टे अमेरिकेतल्या विषारी कोरल सापासारखे दिसतात. त्या सारखेपणाचा त्याला फायदा होतो. आपल्याकडेही अशी एक जोडी आहे. कवड्या बिनविषारी, मण्यार अति विषारी. दोघांच्या काळपट अंगावर पांढरे आडवे पट्टे, दोघेही रात्री फिरणारे, दोघेही घरात शिरणारे. पुस्तकात फरक सोपा आहे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे पट्टे मानेपासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत ठळक असतात, पाठीच्या कण्यावर मोठे षट्कोनी खवले असतात. पुस्तकात.

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, पहाटे पाचला कराड तालुक्यातल्या एका वाडीवरून एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आले. पोटात प्रचंड दुखत होतं, दोन उलट्या झालेल्या. मी झोपेतून उठून आलेलो. रात्री काय खाल्लं, तर मिसळ. मी अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन काढायला सांगितलं होतं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "सर, डोळे उघडत नाहीत." पाहिलं तर दोन्ही पापण्या खाली आलेल्या. इंजेक्शन तिथेच ठेवलं आणि विचारलं, साप?

मग बाहेर आलं. मुलाने माशांच्या जुन्या पेटीत एक कवड्या पाळला होता. चार महिने. गावात त्याचं नाव झालं होतं. आदल्या संध्याकाळी मित्राने वीटभट्टीवरून "दुसरा कवड्या" आणून दिला. दोघांना एकाच पेटीत टाकलं. रात्री पाण्याची वाटी बदलताना बोटाला काहीतरी टोचल्यासारखं झालं. दुखलं नाही, सुजलं नाही, मुलगा झोपला. मण्यारीचा दंश असाच असतो. खूण शोधून सापडत नाही, वेदना नाही, आणि काही तासांनी पोटात दुखणं, पापण्या पडणं, मग गिळता न येणं, मग श्वास बंद.

सर्पदंशावरचं औषध आणि व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात पोचेपर्यंत वाटेत दोनदा अंबू बॅगने श्वास द्यावा लागला. चार दिवस व्हेंटिलेटरवर होता. वाचला. सकाळी त्याच्या वडिलांनी पेटी पाहिली तेव्हा आत एकच साप होता. मण्यार इतर सापांना खाते.

त्या मुलाला सापांची माहिती नव्हती असं नाही. माझ्यापेक्षा जास्त होती. मित्रालाही होती. मला त्यांच्या अज्ञानाची भीती वाटत नाही. चार महिने काही झालं नाही, यातून जी खात्री तयार होते तिची वाटते.

"पण डॉक्टर, कुत्राही चावतोच की"

चावतो. आणि रेबीज झाला तर माणूस वाचत नाही, म्हणून मी प्रत्येक कुत्रेवाल्याला लसीबद्दल विचारतो. पण कुत्रा हजारो वर्षं माणसाबरोबर राहत आला आहे. तो तुमची वाट बघतो. सापाला तुमची ऊब कळते, हाताला तो सरावतो, हातात शांत बसतो. त्याला आपण माया म्हणतो. ती माया आपल्या बाजूची आहे.

"नीलिमकुमार खैरे तर सापांसोबत राहिले होते!" हो. १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांसोबत ७२ तास. साप डिवचल्याशिवाय चावत नाही, हे लोकांना पटावं म्हणून. त्यातून 'डिवचू नका' एवढंच घ्यायचं आहे. पुढे त्यांनी कात्रजचं सर्पोद्यान उभं केलं. ज्याला साप बघायची, शिकायची हौस आहे त्याने तिथे जावं.

"आम्ही सर्पमित्र आहोत, प्रबोधनासाठी ठेवतो." खरे सर्पमित्र मी ओळखतो. रात्री दोनला स्वतःच्या पेट्रोलने येतात, साप पकडतात, वन विभागाला कळवतात आणि जवळच्या योग्य जागी सोडून मोकळे होतात. फोटोसाठी थांबत नाहीत. घरात बरण्या भरून साप ठेवणारा आणि शाळेत नागाचं चुंबन घेऊन दाखवणारा सर्पमित्र नव्हे. कायदाही तेच म्हणतो. नाग आणि धामण दोन्ही आता पहिल्या अनुसूचीत आहेत. असा प्राणी पकडला, बाळगला तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, वर किमान २५ हजार रुपये दंड. आणि मांडूळ घरात ठेवलं की पैसा येतो असं समजणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं: मांडूळही संरक्षित आहे, आणि त्यातून पैसा फक्त दलालाकडे जातो.

"विदेशी साप तर कायद्यात बसत नाही ना?" काही विदेशी जातींची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, काहींची नाही. पण तो इथे आला कसा, हा प्रश्न राहतोच. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या बिस्किट आणि केकच्या पुड्यांमधून ११ साप निघाले. नऊ बॉल पायथन, दोन कॉर्न स्नेक. तुमच्या पेटीतला साप अशा पुड्यातून आला नसेल याची खात्री तुम्हाला विकणाऱ्याचं बिल देईल. बिल आहे का?

शेवटचा आक्षेप मला सगळ्यात जास्त खुपतो: "आपल्याला काय, हॉस्पिटलमध्ये औषध असतंच." २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात साप चावून सुमारे १२ लाख माणसं मेली असा संशोधकांचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले बहुतेक खेड्यातले. उसाला रात्रीच्या लाइटवर पाणी पाजणारा, जमिनीवर गोधडी टाकून झोपणारी ऊसतोड कामगाराची बायको, जळण काढायला ढिगात हात घालणारी मुलगी. यांना साप निवडायची मुभा नव्हती. ग्रामीण रुग्णालयातल्या कपाटात ज्या बाटल्या आहेत त्या त्यांच्यासाठी आहेत. एका पेशंटला सुरुवातीलाच दहा बाटल्या लागतात. त्या घोड्याच्या रक्तापासून बनतात, मोजक्या असतात, आणि त्यांची रिअ‍ॅक्शनही येऊ शकते. हौसेपायी त्यातल्या दहा कमी झालेल्या मला चालत नाहीत.

आधीच घरात असेल तर

देशी साप असेल तर आजच वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा आणि ताब्यात द्या. स्वतः कुठेतरी नेऊन सोडू नका. विदेशी साप असेल तर तो डोंगरात किंवा ओढ्यात मुळीच सोडायचा नाही. तो बहुधा मरेल, आणि जगलाच तर इथल्या सापांना, पालींना खाईल, नवे रोग देईल. वर सांगितलेल्या लोकांपैकी कुणी घरात असेल तर पेटी त्या घरातून हलवा. तोपर्यंत पेटीतलं काहीही स्वयंपाकघरात येता कामा नये. त्याची भांडी, घासणी, बादली वेगळी, धुणं बाहेर. आणि दूध बंद, नुसतं स्वच्छ पाणी.

कुठलाही साप चावला, अगदी "बिनविषारीच आहे" अशी खात्री असली, तरी हात किंवा पाय हलणार नाही असा आधार देऊन थेट रुग्णालयात जा. १०८ ला फोन करा. दोरी आवळू नका, कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका, साप पकडायच्या मागे लागू नका. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर आम्ही लक्षणं आणि रक्त गोठण्याची तपासणी करून उपचार करतो. पहाटे अचानक पोटात दुखून पापण्या जड झाल्या, तर चावल्याची खूण नसली तरी डॉक्टरांना "साप असू शकतो का?" एवढं विचारा. डॉक्टर झोपेत असू शकतो, माझ्यासारखा.

आजींची नात बरी आहे. ओआरएस, झिंक, दोन दिवस सलाइन. तिच्या शौचाच्या कल्चरमध्ये साल्मोनेला सापडला. तो सापाकडूनच आला हे मी कुणाला सिद्ध करून दाखवू शकणार नाही, पण त्या घरात दुसरा संशयित मला दिसत नाही. पेटी सध्या नातवाच्या पुण्यातल्या खोलीवर आहे. साप कायदेशीर आहे का ते बघू म्हणून मी नातवाला बिल मागितलं. बिल नाही. विकणाऱ्याचा नंबर बंद लागतो.